विंडोज अपग्रेड करणं आणि फॉरमॅट मारून नवीन टाकणं, फरक नीट समजून घ्या

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून घरोघरी एकच प्रश्न, आता ११ टाकायची का? मशीन दुकानात नेलं की उत्तर ठरलेलं, "फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा." आणि घरचे समजतात अपग्रेड झालं. ११ आली हे खरं, पण ज्या रस्त्याने आली तो वेगळा, आणि त्यात काय काय जातं हे आधी कुणी सांगतच नाही.

अपग्रेड म्हणजे चालू १० वरच ११ चढवणं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधून होतं, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलेशन असिस्टंट घेऊन चालवायचं. फाइल्स, सॉफ्टवेअर, प्रिंटर, वायफायचे पासवर्ड सगळं जागच्या जागी राहतं. जुनी विंडोज सी ड्राइव्हमध्ये विंडोज.ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये पडून असते, त्यामुळे नाहीच जमलं तर १० दिवसांच्या आत रिकव्हरीमध्ये जाऊन परत १० वर येता येतं. तेवढे दिवस जागा कमी पडतेय म्हणून तो फोल्डर उडवू नका.

फॉरमॅटमध्ये सी ड्राइव्ह पुसून कोरी विंडोज बसते, परतीचा रस्ता नाही. इथे सगळ्यात जास्त घात होतो तो एका समजुतीमुळे, "माझं सीमध्ये काहीच नाहीये, सगळं डेस्कटॉपवर आहे." अहो डेस्कटॉप सीमध्येच असतो! डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, सगळं मुळात सीमध्येच. लग्नाचे फोटो, मुलांचे दाखले स्कॅन केलेले, सोसायटीचे हिशेब, लोक हे सगळं डेस्कटॉपवरच टाकतात आणि दुकानदार डी ड्राइव्ह तेवढी जपतो.

फाइल्सचा बॅकअप घेतला म्हणजे झालं असंही नाही. घरी जुनं मराठी टायपिंगचं काम असेल, युनिकोड यायच्या आधीच्या फॉन्टमधलं, तर फाइल उघडेल पण फॉन्ट गेला की पानभर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, म्हणून ते फॉन्ट आधी कॉपी करून ठेवा. टॅली असेल तर डेटा फोल्डर वेगळा काढा आणि लायसन्स फॉरमॅटच्या आधी सरेंडर करा. डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर परत टाकावा लागतो. अपग्रेडमध्ये यातलं बहुतेक काही करावं लागत नाही (बॅकअप मात्र दोन्हीकडे घ्याच, एक्स्टर्नल डिस्कवर).

मग फॉरमॅट कधी? व्हायरस घुसलाय, क्रॅक केलेली विंडोज आहे, मशीन सारखं निळ्या स्क्रीनवर जातंय, तेव्हा फॉरमॅटच बरं, कारण अपग्रेड केलं तर ती सगळी घाण तशीच पुढे येते. पण नुसतं स्लो आहे म्हणून फॉरमॅट मारत असाल तर आधी बघा आत जुनी हार्ड डिस्क आहे का. असेल तर एसएसडी, म्हणजे नवीन पद्धतीची वेगवान डिस्क, बसवा, खरा फरक त्याने पडतो, आणि जुनी डिस्क क्लोन करून, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल काढून, चालू विंडोज तशीच एसएसडीवर नेता येते.

मशीन ११ ला चालतं का हे मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक सांगतं. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (चालू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर उघडू देणारी सोय), आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर. टीपीएम नाही असं आलं तर लगेच हार मानू नका, बऱ्याच मशीनमध्ये तो असतो पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, बंद असतो, इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने. प्रोसेसरच जुना असेल तर दुकानात अटी चुकवून ११ टाकून देतात, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, मला तरी हे घरच्या मशीनवर पटत नाही. त्यापेक्षा १० वरच राहून ईएसयूमध्ये (सपोर्ट संपल्यावरही सिक्युरिटी अपडेट देणारी मायक्रोसॉफ्टची योजना) नाव नोंदवा, त्यातून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात.

पैशाचं म्हणाल तर ओरिजिनल १० वरून ११ फुकट आहे. फॉरमॅट मारलं तरी त्याच मशीनवर तीच एडिशन टाकली, म्हणजे होमवर होम, तर नेटला जोडल्यावर ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. त्यामुळे कोणी नव्या कीचे, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेशनच्या कोडचे, पैसे मागितले तर कशाचे ते विचारा.

आणि एक गोष्ट दुकानात उभं राहून बघा. विंडोजच्या सेटअपचा पेन ड्राइव्ह दोन्ही कामांना तोच चालतो. चालू विंडोजमध्ये तो उघडून सेटअप चालवला तर फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवायचा पर्याय येतो, तो निवडला की अपग्रेड. त्याच पेन ड्राइव्हवरून मशीन बूट केलं तर तो पर्याय चालत नाही, पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या सी, डी अशा भागांची, यादी समोर येते, आणि तिथे डिलीट दाबायच्या आत तुम्ही थांबा म्हणायला हवं.