पिवळा ट्राउट दिसला तर आधी डोळा बघा

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या माझ्या पुतण्याने परवा घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. हातात पिकल्या आंब्यासारखा पिवळाधमक मासा, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गुलाबी पट्टा. पेडण्यापासून फोंड्यापर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांनी ठरवूनच टाकलं, "अल्बिनो!" मला राहवलं नाही. तो गोल्डन रेनबो ट्राउट असणार, म्हणजे रेनबो ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाचा पिवळा वाण. अल्बिनो आणि हा, या दोघांत मोठा फरक आहे.

घोळ होतो तो रंगामुळे. अल्बिनो म्हणजे पांढराफटक, असं आपण धरून चालतो. पण माशाच्या कातडीत काळ्या रंगाच्या पेशी वेगळ्या, पिवळ्या-तांबड्या वेगळ्या. अल्बिनोत फक्त काळं रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, तयार होत नाही. बाकीचे रंग राहतात, म्हणून अल्बिनो रेनबो ट्राउटही फिकट पिवळट, गुलाबीसर दिसू शकतो.

म्हापशाच्या बाजारात मासळीवाली सांगते, "दोळे पळय." मासा ताजा की शिळा, हे आपण डोळ्यावरून ओळखतो. इथेही डोळाच बघायचा. अल्बिनोच्या डोळ्यातही मेलॅनिन नसतं, आतल्या रक्तवाहिन्या दिसतात आणि डोळा लालसर होतो. गोल्डनचा डोळा मात्र साध्या ट्राउटसारखा काळा.

गोल्डनचा जन्म हॅचरीतला, म्हणजे माशांची पिल्लं वाढवतात तिथला. 1955 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या एका सरकारी हॅचरीत साध्या पिल्लांच्या घोळक्यात एक पिवळे डाग असलेलं पिल्लू सापडलं. ती मादी निघाली. तिच्यापासून वाण वाढवला आणि 1963 मध्ये, राज्याच्या शताब्दीला, हे मासे नद्यांत सोडले. कॅलिफोर्नियाचा गोल्डन ट्राउट मात्र यात धरू नका. तो सिएरा नेवाडाच्या डोंगरी ओढ्यांतला मूळचा रानमासा, नाव तेवढं सारखं.

दुसरी खूण पिल्लांत सापडते, आणि मला तीच जास्त आवडते. अल्बिनोचं जनुक दबून राहतं. अल्बिनोची जोडी साध्या ट्राउटशी लावली, आणि त्या साध्यात ते जनुक लपलेलं नसलं, तर सगळी पिल्लं साधीच दिसतात. गोल्डनची साध्याशी लावली तर सगळी मधल्या, फिकट पिवळ्या रंगाची होतात; त्यांना पालोमिनो म्हणतात. दोन पालोमिनोंच्या पोटी साधारण चारातलं एक गोल्डन, दोन पालोमिनो, एक साधं.

चवीत फरक शोधू नका, दोन्ही रेनबो ट्राउटच. आपल्या गोव्याच्या कोमट नद्यांत ते टिकणारही नाहीत. त्यांना थंड, वाहतं पाणी लागतं. आणि असा पिवळा मासा पाण्यात लांबूनच उठून दिसतो, गळ टाकणाऱ्याला तसाच बगळ्यालाही.

पुतण्याला फोटो मोठा करून पाठवायला सांगितलं. रात्री आला. बाहुली काळीभोर.