आकारस्मृती मिश्रधातूयुक्त कंपोझिटचे सुलभ संगणकीय प्रतिमानीकरण

शेप मेमरी अलॉयच्या, म्हणजे आकारस्मृती मिश्रधातूच्या, तारा किंवा पट्ट्या आत बसवलेल्या कंपोझिटचे (फायबर आणि इपॉक्सी राळ मिळून बनलेल्या पदार्थाचे) वर्तन मोजक्या गुणधर्मांवरून संगणकावर वर्तवण्याची पद्धत, म्हणजेच त्याचे प्रतिमान (मॉडेल). आधी ताणून ठेवलेली तार तापली की मूळ लांबीवर येऊ पाहते. भोवतीचे इपॉक्सी आणि फायबर तिला अडवतात. या ओढाताणीत किती बल निर्माण होते आणि त्याने पॅनेल किती वाकते, हे प्रतिमानाने सांगायचे असते.

तारेसाठी बहुधा निटिनॉल वापरतात. निकेल आणि टायटॅनियमच्या या मिश्रधातूचा आकारस्मृती गुण 1960 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत उघड झाला. थंड असताना तार मार्टेन्साइट या स्फटिकी अवस्थेत मऊ असते, तापल्यावर ऑस्टेनाइट या दुसऱ्या अवस्थेत जाऊन ताठ बनते. बदल सुरू होण्याचे व संपण्याचे तापमान तापताना आणि थंड होताना वेगळे असल्याने एकूण चार तापमाने सांभाळावी लागतात. तानाका (1986), लियांग व रॉजर्स (1990) आणि ब्रिन्सन (1993) यांच्या प्रतिमानांत मार्टेन्साइटचे प्रमाण हे चल धरून हा सगळा प्रवास मांडला आहे. ती अभ्यासासाठी उत्तमच, पण त्यांना लागणारे स्थिरांक प्रयोगशाळेत मोजून घ्यावे लागतात आणि मोठ्या पॅनेलची गणिते फार वेळ खातात.

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एखाद्या डिझाइन कार्यालयात आठवडाभरात उत्तर हवे असेल, तर काय टाकायचे आणि काय ठेवायचे हे आधी ठरवावे लागते. एक साधा हिशेब पुरतो. पट्टीत आकारमानाने 10 टक्के निटिनॉल तारा आणि 90 टक्के ग्लास-इपॉक्सी आहे असे धरू. तारेचा स्थितिस्थापकता गुणांक (ताठरपणाचे माप) थंड असताना 30 व तापल्यावर 70 गिगापास्कल आणि ग्लास-इपॉक्सीचा फायबरच्या दिशेने 40. मिश्रणाच्या नियमाने, म्हणजे आकारमानाच्या प्रमाणात सरासरी काढून, पट्टीचा गुणांक 39 वरून 43 वर जातो, म्हणजे वाढ जेमतेम दहा टक्क्यांची. मात्र अडवलेल्या तारेत 300 मेगापास्कल ताण आला, तर पट्टीच्या पूर्ण छेदावर सरासरी 30 मेगापास्कलचा दाब बसतो. पातळ पॅनेल वाकवायला तो पुरेसा आहे. म्हणून ताठरपणातला बदल ढोबळ धरला तरी चालेल, पण अडवलेल्या तारेतला ताण तापमानानुसार मोजूनच घ्यावा.

नासाच्या लँगली केंद्रातील ट्रॅव्हिस टर्नर यांच्या पद्धतीचा गाभा हाच आहे. मोजलेल्या ताणाचे रूपांतर तापमानानुसार बदलणाऱ्या एका परिणामी औष्णिक प्रसरण गुणांकात करतात. वरच्या उदाहरणात 300 मेगापास्कलला 70 गिगापास्कलने भागले की विकृती (मूळ लांबीच्या प्रमाणात बदल) 0.0043 येते. ती 60 ते 100 अंश सेल्सिअसमध्ये पसरवली तर गुणांक अंशाला सुमारे उणे 107 मायक्रोस्ट्रेन (विकृतीचे दशलक्षांश) होतो. उणे चिन्ह आकुंचनाचे. नॅस्ट्रन किंवा अबॅकस या संरचना-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा तक्ता मटेरियल कार्डात (पदार्थाच्या गुणधर्मांच्या नोंदीत) भरला की नेहमीचे शेल एलिमेंट (पातळ पॅनेलचे गणिती तुकडे) आणि थरांचा सिद्धांत वापरून काम भागते. वेगळा प्रोग्राम लिहावा लागत नाही. पदव्युत्तर प्रकल्प करणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी.

या सोपेपणाची किंमत आहे. एकदा तापवण्याचे उत्तर चांगले येते. पुन्हा पुन्हा तापवणे-थंड करणे, अर्धवट रूपांतर, तारेचा थकवा यांविषयी प्रतिमान गप्प राहते. तारा थरभर विखुरल्यासारख्या धरल्याने तारेच्या टोकाशी इपॉक्सी सुटण्याचा धोकाही दिसत नाही. तिथे काही तारांचा छोटा तुकडा बारीक मेशने (गणिती तुकड्यांच्या जाळीने) स्वतंत्र तपासणे आवश्यक ठरते.

नवी मुंबईच्या हवेचाही विचार करायला हवा. खाडीकाठच्या दमट हवेत इपॉक्सी ओलावा शोषते आणि ते मऊ पडण्याचे तापमान खाली येते. तार नेमकी त्याच सुमारास ओढू लागली, तर कोरड्या नमुन्याच्या आकड्यांवर काढलेले वाकणे चुकते. मे महिन्याच्या उन्हात छपरावरचे काळे पॅनेल 60 अंशांपर्यंत तापू शकते. तारेचे रूपांतर त्याच तापमानाला सुरू होत असेल, तर तार तापवण्यासाठी वीज न देताच पॅनेल हलू लागेल.

वाशी पुलापलीकडे ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने तेजस विमानातील नळ्या जोडण्यासाठी निकेल-टायटॅनियम-लोह मिश्रधातूच्या आकुंचन पावणाऱ्या फेरूल (जोडावर बसणाऱ्या कड्या) विकसित केल्या आहेत. त्या कंपोझिट नव्हेत, पण अडवलेल्या आकुंचनातून घट्ट पकड मिळवण्याचे तत्त्व तेच. कंपोझिटमध्ये मात्र आणखी एक अडचण येते. ओव्हनमध्ये इपॉक्सी पक्के होताना तारही तापते, त्यामुळे ती आखडू नये म्हणून दोन्ही टोके शिकंज्यात धरून ठेवावी लागतात. शिकंजा सोडल्यावर उरणारा अंतर्गत ताण प्रतिमानाच्या पहिल्या पायरीतच भरावा लागतो.