मूळ ब्लूइंग आणि नव्याने केलेले ब्लूइंग: जुने रिव्हॉल्व्हर तपासताना

जुन्या रिव्हॉल्व्हरचा गडद निळा-काळा पृष्ठभाग डागविरहित दिसला की त्याचे दोन अर्थ संभवतात. एक तर ते शस्त्र कमी वापरले आणि जपून ठेवले गेले असेल, किंवा झीज आणि गंज घासून काढून त्यावर नव्याने ब्लूइंग केले गेले असेल. विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने या दोन गोष्टी फार वेगळ्या आहेत, आणि केवळ रंग पाहून त्यांत फरक करणे जवळजवळ अशक्य आहे.

ब्लूइंग हा रंगाचा लेप नसतो. पोलादाचा वरचा पातळ थर नियंत्रित रीतीने मॅग्नेटाइट नावाच्या काळ्या ऑक्साइडमध्ये बदलला जातो. गरम पद्धतीत सुटे भाग कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या सुमारे 140 अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रावणात बुडवतात. कारखान्यात हीच पद्धत वापरली गेली असेल, तर कुशल कारागिराकडे तयार होणारा थरही मूलतः सारखाच असतो. तो जेमतेम काही मायक्रोन जाडीचा असल्याने त्याखालचा ओरखडा किंवा खड्डा भरून निघत नाही. दोष नाहीसा करायचा तर ब्लूइंगच्या आधी धातूच घासून काढावा लागतो, म्हणून तपासणाऱ्याने रंगापेक्षा या घासण्याच्या खुणा शोधणे अधिक उपयोगाचे ठरते.

मूळ शस्त्रावर फ्रेमच्या, म्हणजे मुख्य सांगाड्याच्या, कडा धारदार असतात, सपाट पृष्ठभाग खरोखर सपाट असतात आणि कंपनीचे नाव, बोधचिन्ह व क्रमांक यांची अक्षरे स्पष्ट कोरलेली दिसतात. पॉलिशच्या कापडी चाकावर घाईने घासलेल्या शस्त्रावर कडा गोलसर होतात, अक्षरांची एक बाजू पुसट होते आणि स्क्रूच्या छिद्रांभोवतीचा धातू किंचित खोलगट होतो. प्रकाश तिरपा टाकून नळीच्या बाजू पाहिल्या तर पृष्ठभागावर लाटा दिसतात. गंजाचे खड्डे आतूनही निळे असतील तर गंज आधी आणि ब्लूइंग नंतर, हा क्रम जवळजवळ निश्चित मानावा. जांभळट छटा मात्र स्वतंत्र पुरावा म्हणून मी धरत नाही, कारण पोलादातील मिश्रणामुळे किंवा द्रावणाच्या तापमानामुळे ती कारखान्यातूनही येऊ शकते.

काही खुणा त्या त्या कंपनीच्या पद्धतीत असतात. स्मिथ अँड वेसनच्या अनेक जुन्या रिव्हॉल्व्हरांत घोडा आणि ट्रिगर पृष्ठ-कठिणीकरणाच्या (धातूचा वरचा थर कडक करण्याच्या प्रक्रियेच्या) चित्रविचित्र रंगछटांत ठेवले जात, त्यामुळे तिथे हे भागही फ्रेमसारखेच काळेभोर दिसले तर शंका घ्यावी. कंपनीकडे दुरुस्तीसाठी परत गेलेल्या काही शस्त्रांच्या मुठीच्या तळाशी ताऱ्याचा ठसा आणि मुठीवरच्या पट्ट्यांखाली तारखेचा ठसा आढळतो. असे काम अनाम कारागिराच्या कामापेक्षा विश्वासार्ह असले, तरी ते मूळ ब्लूइंग ठरत नाही.

सर्वांत भरवशाची कसोटी मात्र बाहेरचे रूप आणि आतली झीज यांच्या मेळाची आहे. सर्व कप्पे रिकामे असल्याची खात्री करून आणि काडतुसे खोलीबाहेर ठेवून ही पाहणी करावी. वापरलेल्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर (काडतुसांचे कप्पे असलेल्या फिरत्या भागावर) तो अडवणाऱ्या खटक्याने ओढलेली बारीक रेषा असते. ही रेषा अजिबात नाही, पण नळीच्या मागच्या तोंडाशी धातू खरवडल्यासारखा झाला आहे आणि सिलिंडर व नळी यांच्या फटीवरच्या पट्टीत ज्वाळेने कापलेली खाच आहे, अशी विसंगती दिसली तर बाहेरचा पृष्ठभाग आतल्या यंत्रणेपेक्षा तरुण आहे. सिलिंडर पुढे ढकलून आणि मागे ओढून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापकाने) ती फट दोनदा मोजावी. दोन मापांतील फरक हीच सिलिंडरची पुढे-मागे होणारी हालचाल असते. सिलिंडर मागे ओढलेल्या स्थितीत फट सुमारे 0.10 ते 0.20 मिलिमीटर असणे सामान्य मानतात. ब्लूइंग कितीही सुरेख असले तरी हे आकडे त्याने सुधारत नाहीत.

ब्रशने लावायचे थंड ब्लूइंग हा वेगळाच प्रकार आहे. त्यात बहुधा सेलेनियम आणि तांब्याच्या संयुगांचा पातळ थर पृष्ठभागावर बसतो, मॅग्नेटाइट तयार होत नाही, म्हणून तो लवकर झिजतो. एखादाच ओरखडा झाकण्यासाठी तो ठीक आहे, पण तेवढ्या भागाचा रंग आजूबाजूपेक्षा मंद दिसतो.

नव्याने ब्लूइंग करणे यात गैर काही नाही. संग्रहमूल्य नसलेल्या, नियमित नेमबाजीच्या शस्त्राला गंजापासून वाचवण्याचा तो योग्य मार्ग आहे. संग्राहक मात्र झिजलेले मूळ ब्लूइंगच पसंत करतात, आणि माझेही मत तेच आहे, कारण एकदा घासून गेलेली अक्षरे आणि कडा कोणत्याही कौशल्याने परत येत नाहीत. त्यामुळे स्वतःच्या शस्त्राचे काम करवून घेण्यापूर्वी सर्व ठशांची जवळून छायाचित्रे काढावीत, अक्षरांजवळ हातानेच पॉलिश करण्याचे कारागिराकडून आधी कबूल करून घ्यावे आणि पुढे विकताना ती छायाचित्रे शस्त्राबरोबर द्यावीत.