पाण्याचा ताळेबंद

पाण्याचा ताळेबंद : एखाद्या गावाच्या किंवा पाणलोट क्षेत्राच्या हद्दीत वर्षभरात पडलेला पाऊस, त्यातून वाहून गेलेले, मुरलेले व अडवलेले पाणी आणि त्याच हद्दीतील माणसे, जनावरे व पिके यांची गरज यांची आकडेवारी समोरासमोर मांडून पीकनियोजन करण्याची पद्धत. कोरडवाहू प्रदेशातील जमीन व पाणी यांविषयीची माहिती गोळा करणे, ती जुळवणे आणि रब्बीच्या पेरणीआधी गावापुढे ठेवणे ही कामे तीत येतात. महाराष्ट्रात ती मुख्यतः सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण पट्ट्यात रुजली. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर), सोलापूर, सांगली, सातारा व पुणे या जिल्ह्यांचे पूर्वेकडील तालुके आणि मराठवाड्याचा काही भाग या पट्ट्यात मोडतो. येथे वार्षिक पाऊस साधारणतः 750 मिलिमीटरच्या आत असतो. तोही मोजक्या दिवसांत पडतो आणि मधला खंड अनेकदा कित्येक आठवड्यांचा असतो.

या पट्ट्यात जमिनीची माहिती पाण्याच्या माहितीपेक्षा फार जुनी आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर या कोरड्या तालुक्यात महसुली मोजणीची जी रीत बसवली, तीत शेतातील मातीची खोली व पोत पाहून तिची प्रतवारी आण्यांत केली जाई. चुनखडी, वाळू, उतार यांसारखे दोष हेरून प्रत खाली आणली जाई. हेतू शेतसाऱ्याच्या आकारणीचा होता, शेतीच्या नियोजनाचा नव्हे. तरीही माती किती खोल आहे, हा कोरडवाहू शेतीतील कळीचा प्रश्न त्या वर्गीकारांनी नेमका पकडला होता, असेच म्हणावे लागते. पुढे 1923 मध्ये पुण्याजवळच्या मांजरी येथे आणि 1933 पासून सोलापूर येथे कोरडवाहू शेतीवर पद्धतशीर संशोधन सुरू झाले आणि मातीची खोली, तिच्यात टिकणारी ओल व तिच्यावर येणारे पीक यांची सांगड घातली गेली. अर्धा मीटरही खोली नसलेली मुरमाड जमीन पिकाला साठ मिलिमीटरच्या आसपास ओल कशीबशी पुरवते, तर मीटरभर खोल काळी जमीन तिच्या दुपटीहून अधिक ओल धरते. म्हणूनच एकाच गावात एकाच पावसावर माळावरची बाजरी करपते आणि ओढ्याकाठची शाळू निघते. नागपूर येथे मुख्यालय असलेली राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था आणि महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र यांचे नकाशे हीच माहिती आज अधिक तपशिलाने देतात.

पाण्याची नोंद मात्र फार उशिरा, 1972 च्या दुष्काळाच्या काळात, गांभीर्याने सुरू झाली. त्याच सुमारास स्थापन झालेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याची सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत विभागणी केली (भीमा खोऱ्यातील क्षेत्रांना ‘बीएम’ व पुढे क्रमांक, याप्रमाणे) आणि त्यांतील निवडक निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत मोजण्याचा शिरस्ता घातला. ऑक्टोबरची पातळी पावसाने काय दिले ते सांगते, मेची पातळी माणसांनी काय उपसले ते. या मोजणीवरून पुनर्भरण (मुरलेल्या पाण्याने भूजलात पडणारी भर) व उपसा यांचे गुणोत्तर काढले जाते आणि उपसा 70 टक्क्यांपर्यंत असल्यास क्षेत्र सुरक्षित, तर 100 टक्क्यांवर गेल्यास अतिशोषित ठरते.

राज्याच्या चार पंचमांशांहून अधिक भूभागाखाली बेसाल्ट म्हणजे काळा पाषाण आहे. त्याच्या अखंड थरात पाणी साठत नाही. ते साठते झिजलेल्या मुरमात, सांधे-भेगांत आणि सच्छिद्र थरांत. भूजल अंदाजाच्या प्रचलित रीतीत झिजलेल्या बेसाल्टावर पडलेल्या पावसाचा सुमारे 7 टक्के आणि सच्छिद्र, सांधेयुक्त बेसाल्टावर सुमारे 13 टक्के भाग मुरतो असे धरतात. एकाच शिवारात दोन्ही प्रकारचे खडक असू शकतात, त्यामुळे कोणता आकडा लावायचा यावर अख्खा ताळेबंद इकडचा तिकडे होतो. वाहून जाणाऱ्या पाण्यासाठी, ज्याला अपधाव म्हणतात, स्ट्रेंज या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातील पाणलोटांसाठी बनवलेले तक्ते अजून वापरात आहेत. एका दिवसात पडलेला पाऊस आणि तोच पाऊस आठ दिवसांत विभागून पडणे यांतला फरक वार्षिक बेरजेवर बेतलेल्या अशा तक्त्यांत पुरता उतरत नाही.

हिशेबाचे एकक टीसीएम, म्हणजे हजार घनमीटर, हे असते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर, अर्थात दहा हजार लिटर पाणी. उदाहरणादाखल 1,000 हेक्टरचे आणि 2,000 लोकवस्तीचे एक काल्पनिक गाव घेतले आणि तेथे 400 मिलिमीटर पाऊस झाला असे धरले, तर शिवारावर 4,000 टीसीएम पाणी पडले. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण त्यातील बहुतांश बाष्पाच्या रूपाने किंवा खरीप पिकांतून उडून जाते, काही ओढ्याने वाहून जाते, आणि 7 टक्क्यांच्या हिशेबाने विहिरींच्या वाट्याला 280 टीसीएम येते. दरडोई रोज 55 लिटरप्रमाणे पिण्या-वापरण्याला वर्षाकाठी 40 टीसीएम लागतात, हजारभर जनावरांना सुमारे 15. ओढ्या-नाल्यांत आपसूक झिरपून जाणाऱ्या पाण्यासाठी दहावा हिस्सा राखला तर शेतीसाठी 197 टीसीएम उरतात. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी सुमारे 20 टीसीएम पाणी जाते. म्हणजे गावात दहा हेक्टर ऊस उभा राहिला की खाते संपले. तेच पाणी दोन संरक्षित पाळ्यांच्या, म्हणजे ओल कमी पडते तेव्हाच दोनदा पाणी दिलेल्या, हरभऱ्याला, हेक्टरी दीड टीसीएमच्या हिशेबाने, सव्वाशेहून अधिक हेक्टरला पुरते. प्रत्यक्षात यात बंधाऱ्यांतील साठा व सिंचनातून परत मुरणारे पाणीही धरावे लागते. तरी गावाची पाणीटंचाई पिण्याच्या पाण्याने ओढवत नाही, पिकाच्या निवडीने ओढवते, एवढे या साध्या बेरीज-वजाबाकीतूनही उघड होते.

गावपातळीवर हा प्रयोग सर्वांत सातत्याने चालवल्याबद्दल अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव प्रसिद्ध आहे. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाल्यानंतर तेथे पाणलोटाची कामे झाली, सिंचनासाठी कूपनलिका घेण्यावर आणि ऊस-केळीसारख्या पिकांवर ग्रामसभेने बंदी घातली, आणि पुढे पावसाळा संपल्यावर पर्जन्यमापकाच्या नोंदी व विहिरींच्या पातळ्या ग्रामसभेत मांडून रब्बीचे क्षेत्र ठरवण्याचा पायंडा पडला. पाऊस कमी झाल्यास पिण्याचे पाणी आधी बाजूला काढले जाते आणि जास्त पाण्याची पिके कमी केली जातात. या गावाचे नाव बंधाऱ्यांसाठी घेतले जाते. त्याचे वेगळेपण मात्र बंदीच्या ठरावांत आणि ते पाळण्यात अधिक आहे. बंधारे इतरत्रही पुष्कळ झाले.

आंध्र प्रदेशात याच शतकाच्या पहिल्या दशकात, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने, अनंतपूरसह सात दुष्काळी जिल्ह्यांत राबवलेल्या शेतकरी-व्यवस्थापित भूजल प्रकल्पाने दुसरी वाट धरली. तेथे शेतकरी स्त्री-पुरुषांनी स्वतः पाऊस व विहिरींची पातळी नियमित मोजली, आकडे गावातील फळ्यावर लिहिले आणि रब्बीपूर्वी एकत्र बसून पिकांचा जलताळेबंद मांडला. परंतु बंदी कसलीच नव्हती. निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा होता. महाराष्ट्रात पुढे आलेल्या शासकीय योजनांनी या दोन्ही वाटांतून थोडेथोडे उचलले. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प 2018 पासून राबवला गेला; त्यासाठी मुंबईच्या आयआयटीने माती, उतार, पीक व रोजचा पाऊस एकत्र धरणारी संगणकीय ताळेबंद पद्धत तयार केली. डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत ग्रामपंचायतीने ताळेबंद व जलसुरक्षा आराखडा करणे हा कामाचा गाभाच ठरला. यापूर्वी, 2014 च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानातही गावाचा ताळेबंद मांडला जाई. तेथे मात्र त्याचा उपयोग बहुधा आणखी किती कामे करता येतील हे दाखवण्यापुरता झाला.

माहितीची खरी अडचण तिच्या हद्दींत आहे. पावसाची नोंद महसूल मंडळाची, म्हणजे अनेक गावांच्या गटाची, पातळीची नोंद पाणलोटाची, पिकाची नोंद गट नंबराची आणि ठराव गावाचा. ओढा यांपैकी कोणतीच शीव जुमानत नाही. महावेध प्रकल्पातील स्वयंचलित हवामान केंद्रांमुळे मंडळनिहाय पाऊस रोज कळू लागला असला, तरी वळवाचा पाऊस एका वाडीवर कोसळून शेजारच्या वाडीला कोरडे ठेवतो, म्हणून गावाचे स्वतःचे पर्जन्यमापक अजूनही लागते. पिकांची माहिती गाव नमुना बारामध्ये तलाठी पूर्वापार भरत आला, बरेचदा चावडीत बसूनच. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र नोंदवतो. ताळेबंदाच्या खर्चाची बाजू यामुळे प्रथमच गटवार मिळण्याजोगी झाली आहे.

विहिरीची पातळी मोजणे दिसते तितके सरळ नाही. कठड्यावर रंगाने एक मापनबिंदू आखतात, वजन बांधलेला टेप त्यावरून सोडतात आणि आलेल्या मापातून कठड्याची उंची वजा करतात. मोजणी पंप सुरू होण्याआधी करायची असते. पण शेतीपंपांना वीज रात्रपाळीने मिळत असेल तर सकाळी नेमकी उपशाने खाली गेलेली, झऱ्यांनी अजून न भरलेली पातळी हाती लागते. त्यामुळे जाणती माणसे मोजणीच्या आधी गावातले विजेचे वेळापत्रक विचारतात. उपशाचा आकडा त्याहून कच्चा. बहुतेक खाजगी विहिरींवर मीटर नाही. पंपाचे तास आणि पाइपातून बादली भरायला लागणारा वेळ यांवरून अंदाज बांधावा लागतो, आणि दोनशे फुटांखालच्या कूपनलिका अनेकदा सातबाऱ्यावर नसतातच. 2009 चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, जो 2014 मध्ये अंमलात आला, विहिरींच्या नोंदणीची तरतूद करतो आणि शेती व उद्योगांसाठी 60 मीटरहून खोल विहिरी घेण्यास मनाई करतो. बोअरच्या गाड्या मात्र उन्हाळ्यात रात्रंदिवस चालतात. उघड्या विहिरींच्या पातळीवर बेतलेला ताळेबंद खोल थरातील ही झीज दाखवू शकत नाही.

अलीकडच्या काळात शेततळ्यांनी हिशेबात नवा गुंता आणला आहे. पावसाचे वाहते पाणी अडवणारे तळे जमेच्या बाजूला पडते, हे उघड आहे. फळबागांच्या पट्ट्यांत मात्र प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली मोठमोठी तळी विहिरीतून व कूपनलिकेतून उपसलेल्या पाण्याने पावसाळ्यातच भरून ठेवली जातात. अशा तळ्यातील पाणी मुरत नाही, आणि दख्खनच्या कोरड्या हवेत उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून वर्षाकाठी दीड ते दोन मीटर पाणी उडून जाऊ शकते. ते साठवण म्हणून जमेत धरले तर एकच पाणी भूजल म्हणून एकदा आणि तळ्यातील साठा म्हणून पुन्हा एकदा मोजले जाते. म्हणून काळजीपूर्वक केलेल्या ताळेबंदात अशी तळी उपशाच्या रकान्यात घेतात आणि त्यांवरील बाष्पीभवन वेगळे दाखवतात.