मोहरीर (आडनाव)

मोहरीर : मराठवाडा आणि त्याला लागून असलेला वऱ्हाड-विदर्भाचा पट्टा या भागांत आढळणारे एक विरळ आडनाव. मोहरिर, मोहरील, मोहरिल ही त्याचीच रूपे होत. परगण्याच्या (अनेक गावांच्या जुन्या महसुली विभागाच्या) दप्तरात लेखनाचे काम करणारा, या अर्थाच्या हुद्द्यावरून ते पडले असून फडणीस, चिटणीस, मुजुमदार, पोतदार, कानगो, हेजीब या हुद्देवाचक आडनावांच्या वर्गात ते मोडते. हे आडनाव लावणारी कुटुंबे बहुधा देशस्थ ब्राह्मण आहेत.

व्युत्पत्ती : या आडनावाच्या मुळाशी अरबी ‘मुहर्रिर’ हा शब्द आहे, हे मत आज सर्वांत ग्राह्य वाटते. अरबीतील ह-र-र या धातूपासून ‘मोकळे करणे’ आणि ‘नेटके लिहून काढणे’ असे दोन अर्थ निघतात. पहिल्या अर्थाचा ‘हुर्रियत’ (स्वातंत्र्य) हा शब्द उर्दूच्या परिचयामुळे मराठवाड्यात अपरिचित नाही. दुसऱ्या अर्थाचे नाम म्हणजे ‘तहरीर’ (लेखन, लेखी मजकूर). तहरीर करणारा तो मुहर्रिर. तद्रीस (अध्यापन) करणारा तो मुदर्रिस, तसाच हा घाट आहे. फार्सीने हा शब्द अरबीतून उचलला आणि दख्खनच्या सुलतानांच्या दप्तरांतून तो मराठीत उतरला.

मुहर्रिरचे मोहरीर होण्यात ध्वनींचे दोन बदल दिसतात आणि दोन्ही मराठीच्या वळणाला धरून आहेत. ‘ह’च्या आधीचा उकार ओकारात जाण्याची प्रवृत्ती दख्खनी उर्दूत व मराठीत सारखीच आढळते, मुहर्रमचे मोहरम आणि मुहरची मोहर याच वाटेने झाली. रकाराचे द्वित्वही मराठीत टिकत नाही. मुकर्ररचे ‘मुक्रर’ झाले त्याप्रमाणे मुहर्रिरमधील जोड रकार सुटा झाला. शेवटच्या अक्षराआधीचा इकार दीर्घ लिहिण्याच्या मराठी रिवाजामुळे (वकील, गरीब, अमीर) ‘मोहरीर’ हे लेखन स्थिर झाले.

या आडनावाचा संबंध ‘मोहर’ म्हणजे शिक्का या शब्दाशी जोडण्याचा कल मात्र पुष्कळ दिसतो आणि त्याचा थोडा सविस्तर विचार करणे भाग आहे. परगण्याच्या कागदावर शिक्का उमटवणारा तो मोहरीर, असे हे स्पष्टीकरण आहे. वरवर पाहता ते पटण्यासारखे आहे, कारण कागद पुरा झाला की त्यावर मोर्तब व्हायचे आणि ते काम कचेरीतच चालायचे. परंतु त्याविरुद्ध तीन गोष्टी ठामपणे उभ्या राहतात. पहिली गोष्ट अशी की, शिक्का बाळगणाऱ्याला फार्सीत ‘मोहरदार’ म्हणतात. नामाला ‘-ईर’ लावून ‘तो करणारा’ असा अर्थ देणारा प्रत्यय फार्सीतही नाही आणि मराठीतही नाही. दुसरी, हुद्द्याचे काम जिथे जिथे नोंदलेले आहे तिथे ते लिहिण्याचे आहे, शिक्क्याचे नाही. तिसरी गोष्ट लिपीची आहे आणि प्रस्तुत नोंदकाराला तीच निर्णायक वाटते. फार्सी-उर्दू लिपीत ‘ह’ या उच्चाराची दोन अक्षरे आहेत. शिक्का या अर्थाचा ‘मुहर’ हा मूळ फार्सी शब्द ‘छोटी हे’ने लिहितात, मुहर्रिर हा अरबी शब्द ‘बडी हे’ने लिहितात. नागरी आणि मोडीत दोन्हींसाठी एकच ‘ह’ असल्याने हा भेद पुसला जातो आणि म्हणूनच मराठी कागद वाचणाऱ्यास दोन्ही शब्द एकाच घरातले वाटतात. हाच हुद्दा फार्सी किंवा उर्दू कागदात आला की पहिल्याच अक्षरजोडीत ते वेगळे होतात.

आंब्याच्या मोहोराशी (संस्कृत मुकुल) किंवा मोहरीच्या दाण्याशी असलेले साम्य केवळ ध्वनीचे आहे. मोहरम या महिन्याच्या नावाशी नाते जोडण्याचा मोह अधिक होऊ शकतो, कारण त्यातही ‘बडी हे’ आणि रकार आहे, शिवाय मराठवाड्यातील अनेक गावांत मोहरमच्या सवाऱ्यांत हिंदू कुटुंबेही मानाने सामील होतात. परंतु त्या शब्दाचा धातू ह-र-म आहे. अंत्य ‘म’चा ‘र’ होण्याचे कारण दाखवता येत नाही. ग्रामनामावरून हे आडनाव आले असावे, ही शक्यताही दुबळी आहे. मराठवाड्यात गावावरून पडलेली आडनावे जवळजवळ नेमाने ‘-कर’ घेतात, आणि बिलोली-देगलूर-किनवटकडे, जिथे तेलुगूचा शेजार आहे, तिथे आडनावांना ‘-वार’ लागलेले दिसते. मोहरीर या शब्दाला यांपैकी कोणतेही शेपूट नाही.

मोहरील हे रूप : वऱ्हाडाकडे अंत्य रकाराचा लकार होऊन ‘मोहरील’ झाले. एकाच शब्दात जवळजवळ दोन रकार आले की त्यांपैकी एक बदलण्याची प्रवृत्ती जुनी आहे. दरिद्र या शब्दाचे प्राकृतात ‘दलिद्द’ आणि मराठीत ‘दळिद्र’ झाले ते याच कारणाने. वकील, आमील, तहसील या कचेरीतल्याच शब्दांचे लकारान्त वळण कानात बसलेले असल्याने या बदलाला आधार मिळाला असावा.

मराठवाड्यात मात्र रकारान्त रूप अधिक टिकले. याचे कारण १८५३ च्या तहात शोधावे लागेल. त्या वर्षी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला आणि तेथील महसुली लेखनात मराठीचा वावर वाढला. आरंभी फार्सी व १८८४ च्या सुमारापासून उर्दू ही सरकारी भाषा असलेल्या हैदराबाद संस्थानात मराठवाडा १९४८ पर्यंत राहिला. ज्या मुलखात ‘मुहर्रिर’ हा शब्द कचेरीत रोज शुद्ध स्वरूपात लिहिला व बोलला जात होता, तिथे आडनावातला शेवटचा रकार हलला नाही. जिथे तो आधार सुटला, तिथे तो लकार झाला. धाराशिव-नळदुर्गचा भागही १८५३ ते १८६० या काळात इंग्रजांकडे होता, पण सात वर्षांत आडनावांच्या उच्चारावर काही परिणाम होण्यासारखा तो अवधी नव्हे. मोगलांच्या सुभेवाटणीत पाथरी व माहूर हे ‘सरकार’ नावाचे उपविभाग वऱ्हाड सुभ्यात (प्रांतात) मोडत होते, हे लक्षात घेतले म्हणजे परभणी-नांदेडपासून यवतमाळ-अमरावतीपर्यंत एकाच हुद्द्याची दोन रूपे सलग का पसरली, याचाही उलगडा होतो.

हुद्दा व त्याचे स्वरूप : परगण्याचा मुख्य वतनदार (वंशपरंपरागत हक्काचा अधिकारी) देशमुख, हिशेब व दप्तर देशपांड्यांकडे, ज्यांना मोगली कागदांत कानूनगो म्हटलेले असते. मोहरीर हा या दप्तरात देशपांड्यांच्या खालचा लेखक. गावोगावच्या कुलकर्ण्यांकडून आलेले आकडे परगण्याच्या ताळेबंदात उतरवणे, जमाबंदीची झडती (महसूल आकारणीचा हिशेब) लिहिणे, कौल (सरकारी हमीपत्रे) व महजर (सभेतील निवाडे) यांच्या नकला करणे ही त्याची कामे असत. हे पद वंशपरंपरागत हक्काचे होते की नेमणुकीचे, याविषयी एकवाक्यता नाही. उत्तर हिंदुस्थानात मुहर्रिर हा पगारी कारकूनच होता आणि त्यावरून दख्खनमध्येही तसेच असावे, असे काहींचे म्हणणे असते. परंतु पगारी व बदलीच्या जागेवरून सहसा आडनाव पडत नाही. आडनाव पडण्यासाठी ते काम दोन-तीन पिढ्या एकाच घरात आणि एकाच परगण्यात राहावे लागते. हे आडनाव मुळात अस्तित्वात आहे, हीच गोष्ट निदान काही परगण्यांत तरी हा हुद्दा वतनी झाला होता, या मताच्या बाजूने जाते.

लेखकवाचक मराठी आडनावांत मोहरीरचे स्थान थोडे निराळे आहे. चिटणीस, फडणीस, पोतनीस, वाकनीस, पारसनीस या सर्वांत फार्सी ‘नवीस’ (लिहिणारा) दडलेला आहे आणि त्याच्या आधीचा शब्द काय लिहिणारा किंवा कुठे लिहिणारा ते सांगतो. मोहरीरमध्ये असा आधीचा शब्द नाही. तो नुसताच लिहिणारा. दरबारातील मोठ्या हुद्द्यांना ‘-नीस’ लागला आणि परगण्याच्या कचेरीतील खालच्या हुद्द्याला हा उघडा अरबी शब्द राहिला, ही उतरंड ध्यानात घेण्याजोगी आहे.

हा हुद्दा केव्हा आला, हे ठरवताना सावधगिरी हवी. बहमनी राज्याच्या स्थापनेनंतर (१३४७) फार्सी दप्तर दख्खनमध्ये रुजले, आणि आदिलशाहीत पहिल्या इब्राहीमच्या कारकिर्दीत, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात, हिशेबी कामात फार्सीऐवजी देशी भाषेला वाव मिळाला. वर फार्सी व खाली मोडी मराठी असे दुभाषी कागद या राजवटींत लिहिले जात. अशा कागदांसाठी दोन्ही लिप्यांत हात बसलेला लेखक लागे. शब्द अरबी, माणूस मराठी असा हा हुद्दा त्या गरजेतून स्थिर झाला असावा आणि तसे असल्यास त्याचा काळ सोळावे-सतरावे शतक धरणे रास्त ठरेल. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाच्या रूपाने फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय योजण्याचा प्रयत्न झाला, तरी परगण्याच्या पातळीवरील असे शब्द, विशेषतः निजामाच्या मुलखात, जसेच्या तसे राहिले.

जुन्या कागदांत हा शब्द आला म्हणजे तो हुद्दा समजावा की आडनाव, ही वाचकाची खरी अडचण असते. माणसाचे नाव, बापाचे नाव, ‘मोहरीर’ आणि लगेच ‘परगणे अमुक’ असा क्रम असेल तर तो हुद्दाच मानावा. परगण्याचा उल्लेख गळून नुसते मोहरीर राहिले आणि तोच माणूस दुसऱ्याच कामाचा धनी दिसला, तर आडनाव बनल्याचे समजावे. कालनिर्णयासाठी कागदावरील सन तपासून घ्यावा लागतो. दप्तरांत वापरल्या जाणाऱ्या शुहूर सनात ५९९ किंवा ६०० आणि महसुली कामाच्या दख्खनी फसली सनात ५९० मिळवले म्हणजे इसवी सन साधारणपणे निघतो. मोडीत इकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नाही, त्यामुळे ‘मोहरिर’ बरोबर की ‘मोहरीर’, याचा निवाडा जुन्या कागदावरून होऊ शकत नाही.

हा लेखक काम कसे करी, ते दप्तरी कागद हातात घेतल्यावर दिसते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनवण्याची परंपरा जुनी असून दौलताबादी कागद दप्तरांत नावाजलेला होता. घोटून गुळगुळीत केलेल्या अशा कागदाला उभ्या घड्या घालून समास राखलेला असतो. आधी ओळभर शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग बोरूने, हात न उचलता, तिच्याखाली अक्षरे लोंबवत जायचे, अशी मोडीची रीत. शाई भरलेली जागा गडद आणि बोरू सुकत आला तिथे फिकट दिसते. ओली शाई टिपण्यासाठी टाकलेल्या वाळूचा एखादा कण अजूनही अक्षराच्या वळणात चिकटलेला सापडतो. काम संपले की कागद रुमालात बांधले जात.

वारंवारता : भारताच्या जनगणनेत आडनावांची मोजणी प्रसिद्ध होत नाही, त्यामुळे अंदाजासाठी मतदारयाद्या हाच मुख्य आधार उरतो. तिथेही एकाच कुटुंबातील माणसे मोहरीर, मोहरिर, मोहरील अशी वेगवेगळी नोंदलेली असतात आणि रोमन लिपीतून पुन्हा नागरीत येताना त्यांत आणखी भर पडते; सर्व रूपे एकत्र केल्याखेरीज केलेली मोजणी कमीच भरते.

आडनावाच्या विरळपणाचे कारण हुद्द्याच्या रचनेतच आहे. कुलकर्णी गावोगाव होता. देशपांडे व मोहरीर परगण्याला, आणि एका परगण्यात कित्येक गावे. म्हणून कुलकर्णी हे आडनाव अफाट पसरले. त्यातही देशपांडे हे आडनाव अधिक मानाचे असल्याने, आणि एकाच घराकडे अनेकदा दोन हक्क असल्याने, मोहरीर घराण्यांच्या काही शाखांनी देशपांडे किंवा कुलकर्णी लावणे पसंत केले असणार. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांनी १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी (जिल्ह्यांची आखणी) करून पगारी अंमलदार नेमले, तेव्हा देशमुख-देशपांड्यांचे वसुलीचे काम गेले व त्याबदल्यात त्यांना रोख रुसूम (हक्काची ठरावीक रक्कम) मिळू लागले. यापुढे ‘मुहर्रिर’ म्हणजे कचेरीतील कोणताही साधा कारकून, असा अर्थ रूढ झाला. नव्याने हे आडनाव पडण्याची वाट तिथेच बंद झाली.

सामान्य नाम म्हणून हा शब्द विदर्भात अजून जिवंत आहे. पोलीस ठाण्यातील लेखनकाम पाहणाऱ्यास तिथे मोहरर किंवा मोहरीर म्हणतात आणि जप्त मालाची नोंद ठेवणारा तो मुद्देमाल मोहरीर. नगरपालिकांच्या जकात नाक्यांवरील कारकुनासही हेच नाव होते. बंगालीत ‘मुहुरी’ हा शब्द वकिलाच्या कारकुनासाठी चालतो आणि तो तिथे आडनाव म्हणूनही आढळतो. मूळ शब्द तोच.