खोलीभाड्यावरील कर आणि हॉटेल व्यवसाय

हॉटेल, लॉज किंवा रिसॉर्टमधील मुक्कामाच्या भाड्यावर आकारला जाणारा कर. बिलात तो पाहुण्याच्या नावे पडतो, पण त्याचा काही भार हॉटेलचालकालाच सोसावा लागतो. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. म्हणून कर वाढला की गिऱ्हाईक टिकवण्यासाठी अनेकदा मूळ भाडे उतरवले जाते. अशा वेळी खोल्या भरलेल्या दिसतात, पण खोलीमागचे उत्पन्न घटलेले असते.

भारतात १ जुलै २०१७ पासून राज्यांचा लक्झरी टॅक्स आणि केंद्राचा सेवा कर जीएसटीत विलीन झाले. ७,५०० रुपये व त्यावरील खोल्यांना २८ टक्के दर लागला. दरापेक्षाही जाचक होती ती आकारणीची पद्धत. कराचा टप्पा ठरे तो खोलीच्या जाहीर भाड्यावरून. पावसाळ्यात गोव्यातील ८,००० रुपयांची खोली ५,००० ला दिली, तरी कर २८ टक्क्यांनीच, म्हणजे १,४०० रुपये. बिगरहंगामात सवलत देणाऱ्यालाच ही शिक्षा होती. जुलै २०१८ मध्ये प्रत्यक्ष घेतलेले भाडे हा आधार मानला गेला, हे योग्यच झाले.

२० सप्टेंबर २०१९ रोजी जीएसटी परिषदेची बैठक गोव्यातच भरली आणि १ ऑक्टोबरपासून वरचा दर १८ टक्क्यांवर आला. सहा महिन्यांत टाळेबंदी लागल्याने या कपातीचा परिणाम वेगळा काढून मोजणे अवघड आहे. १८ जुलै २०२२ पासून १,००० रुपयांपर्यंतच्या खोल्यांची माफी संपली व त्यांना १२ टक्के कर लागला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर ५ टक्के कर आहे, मात्र इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा करून घेण्याची सोय, नाही. जागेचे भाडे, धुलाई, दुरुस्ती यांवर भरलेला कर आता खर्चातच जातो. त्यामुळे १२ वरून ५ टक्के झाले तरी हॉटेलच्या हाती सात टक्के उरत नाहीत.

खरी अडचण उंबरठ्याची आहे. ७,५०० ची खोली पाहुण्याला ७,८७५ रुपयांना पडते, ७,५०१ ची १८ टक्के दर लागून सुमारे ८,८५१ ला. भाड्यातल्या एका रुपयापोटी ९७६ रुपयांचा फरक! शिवाय एप्रिल २०२५ पासून, आदल्या आर्थिक वर्षात एखाद्या खोलीचे भाडे ही रेषा ओलांडून गेले असेल, तर त्या हॉटेलातील रेस्टॉरंटलाही ५ ऐवजी १८ टक्के दर लागतो. दिवाळी-नाताळच्या चार दिवसांत भाडे चढवताना चालकाला पुढच्या अख्ख्या वर्षाची जेवणाची बिले डोळ्यांपुढे ठेवावी लागतात.