जुने सीएनसी मशीन ‘रेडी’ का येत नाही?

भोसरी, शिरोली किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतींत वीस-पंचवीस वर्षांची सीएनसी (संगणक-नियंत्रित) मिलिंग मशीन आजही रोजचे उत्पादन काढतात. त्यांच्या तक्रारींपैकी एक ठरलेली असते: पडदा उजळतो, पंखे फिरतात, पण मशीन ‘रेडी’, म्हणजे कामाला तयार, येत नाही. अशा वेळी पहिला संशय कंट्रोलरच्या महागड्या कार्डावर घेतला जातो. माझ्या मते हा संशय सर्वांत शेवटी घ्यावा, कारण कूलंट (कापताना थंडाव्यासाठी सोडला जाणारा द्रव), तेलाची वाफ, कंप आणि उष्णता यांचा मारा कार्डापेक्षा त्याच्या भोवतीच्या साध्या स्विचांवर, तारांवर आणि रिलेंवर (विजेने चालणाऱ्या स्विचांवर) कितीतरी अधिक होत असतो.

इमर्जन्सी बटण, प्रत्येक अक्षाच्या (सरकण्याच्या दिशेच्या) दोन्ही टोकांना हालचाल थांबवणारे लिमिट स्विच, दरवाजाचा स्विच आणि मोटारींचे ओव्हरलोड रिले यांचे संपर्क सहसा एकाच मालिकेत जोडलेले असतात. ते सामान्य स्थितीत जुळलेले, म्हणजे प्रवाह वाहू देणारे, राहतील असेच निवडलेले असतात, म्हणजे एखादी तार तुटली तरी प्रवाह थांबतो आणि मशीन धोका न पत्करता उभे राहते. ही रचना योग्यच आहे. परंतु त्यामुळेच मालिकेतील एक संपर्क जरी खराब झाला तरी संपूर्ण मशीन अडते.

मालिकेच्या शेवटी २४ व्होल्टचा एक रिले असतो; त्याच्या कॉइलने संपर्क ओढून घेतला तरच मशीन ‘रेडी’ येते. त्याच्या कॉइलचा रोध ६५० ओहम धरला, तर तिच्यातून सुमारे ३७ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. आता कूलंट शिरलेल्या एखाद्या लिमिट स्विचच्या संपर्कावर गंज चढून तेथे २५० ओहमचा रोध निर्माण झाला, असे समजू. मालिका तुटलेली नाही, प्रवाह वाहतो आहे, पण जवळपास ७ व्होल्ट त्या स्विचवरच खर्च होतात आणि कॉइलला १७ व्होल्टच मिळतात. अशा रिलेला ओढून घेण्यासाठी साधारणपणे ठरीव दाबाच्या (व्होल्टेजच्या) ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे १९ व्होल्ट लागू शकतात; मात्र एकदा ओढला गेल्यावर तो त्याहून बऱ्याच कमी दाबावरही धरून राहतो. दिवसभर बिनतक्रार चालणारे मशीन सकाळी सुरू होताना चार वेळा रुसते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

म्हणून वीज बंद करून मालिका तुटली आहे का एवढेच पाहण्यापेक्षा, ती चालू ठेवून दाब मोजणे अधिक उपयोगी ठरते. मल्टिमीटरचे काळे टोक शून्य व्होल्टच्या टर्मिनलवर ठेवावे आणि लाल टोकाने मालिकेच्या मध्यावर मोजावे. तेथे पूर्ण २४ व्होल्ट मिळाले तर दोष पुढच्या अर्ध्या भागात, अन्यथा मागच्या. सोळा संपर्कांच्या मालिकेत या रीतीने चार मोजमापांत दोषी जागा सापडते. तारांच्या टोकांवरील फेरूल (ओळखीचे) क्रमांक आणि पॅनलच्या दारात ठेवलेले जोडणीचे ड्रॉइंग यांची खरी किंमत येथे कळते. काही जुन्या पॅनलमध्ये नियंत्रणासाठी ११० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह (एसी) असतो. तेथे शेजारच्या तारांमुळे तुटलेल्या तारेवरही डिजिटल मीटर काही व्होल्ट दाखवतो, तेव्हा योग्य व्होल्टेजच्या टेस्ट लॅम्पने खात्री करून घ्यावी. हे काम वीज चालू असलेल्या पॅनलमध्ये चालते आणि शेजारीच ४१५ व्होल्टच्या पट्ट्या असतात, त्यामुळे ते जाणकारानेच करावे. शिवाय मेन स्विच बंद केल्यानंतरही ड्राइव्हमधील (अक्षाची मोटार चालवणाऱ्या युनिटमधील) कपॅसिटर काही मिनिटे प्राणघातक दाब धरून ठेवतात.

सगळे संपर्क ठीक असूनही दाब कमी असेल, तर पॉवर सप्लायकडे वळावे. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो आणि तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. पॅनलचा पंखा बंद पडलेला असणे किंवा त्याची जाळी तेलकट धुळीने भरलेली असणे, हे म्हणूनच क्षुल्लक दुर्लक्ष नव्हे.

अलार्म ठरावीक अक्षाच्या ठरावीक जागीच येत असेल, तर ड्रॅग चेनमधील, म्हणजे अक्षाबरोबर सरकणाऱ्या साखळीतील, केबल तपासावी. लाखो वेळा वाकल्यावर आतील तांब्याचे धागे तुटतात, बाहेरचे आवरण मात्र शाबूत दिसते. दोन अक्षांचे ड्राइव्ह अगदी एकसारखे असतील, तर मशीन बंद करून, कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून त्यांची अदलाबदल करता येते: दोष ड्राइव्हबरोबर दुसऱ्या अक्षावर गेला तर तो ड्राइव्हचा, मूळ अक्षावरच राहिला तर मोटार, एन्कोडर (मोटारीची स्थिती कळवणारा सेन्सर) किंवा केबलचा.

एका गोष्टीबद्दल मात्र तडजोड नसावी. दोषी स्विच सापडेपर्यंत ‘तात्पुरता’ म्हणून त्याच्या दोन टोकांना तारेचा तुकडा जोडला जातो, मशीन चालू होते आणि तो तुकडा वर्षानुवर्षे तसाच राहतो. दरवाजाच्या स्विचवर असा तुकडा राहिला, तर कामगाराचा हात आत असतानाही स्पिंडल (कापणारे हत्यार फिरवणारा दांडा) फिरू शकतो. जुन्या मशीनची तपासणी सुरू करताना ड्रॉइंगमध्ये नसलेले असे जोड आधी शोधावेत आणि प्रत्येक सुरक्षा स्विच हाताने दाबून मालिका खरोखर तुटते का, हे पाहावे.